रानमोहरीचे गोत्र

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव वर्तमानपत्रांच्या वाचकांना आठवत असेल ते बहुधा २०१६ सालच्या डिसेंबर महिन्यामुळे. नोटाबंदीच्या त्या दिवसांत 'रोकडरहित गाव' म्हणून त्याचे नाव गाजले होते. गिर्यारोहकांना ते ठाऊक असते ते गोरखगडाच्या वाटेवरचे गाव म्हणून. या दोन्ही ओळखी बाहेरून आलेल्या माणसांच्या आहेत. गावाची स्वतःची ओळख भाताची. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे गेले तर सह्याद्रीच्या भिंतीपर्यंत पसरलेली खाचरे दिसतात आणि खाचरांमधल्या बांधांवर, रस्त्याच्या कडेला, खळ्याच्या पडीक जागेत नाना प्रकारचे तण माजलेले असते.

अशाच एका भाद्रपदात तिथल्या एका बांधावर मी एक कमरेएवढे रोप पाहिले. पिवळी फुले, प्रत्येक फुलाला चार पाकळ्या, आणि खोडाला जवळजवळ समांतर उभ्या राहिलेल्या सडपातळ, टोकदार शेंगा. बरोबरच्या मित्राला मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ही रानमोहरी. जवळच गवत कापत असलेली एक बाई हसली. ती मोहरी नव्हे, कानफुटी आहे, एवढेच म्हणाली आणि पुन्हा विळा चालवू लागली.

त्या हसण्याने मला पुढे बरीच पुस्तके उघडायला लावली. शोधाच्या शेवटी निघालेला निष्कर्ष मला अपेक्षित नव्हता. त्या बाईचे म्हणणे बरोबर होते यात शंका राहिली नाही. परंतु माझी चूकही पूर्णपणे चूक नव्हती. या दोन विधानांच्या मध्ये सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि वनस्पतिशास्त्राशी फारसा संबंध नसलेल्या, पण शब्दांशी रोजचा संबंध असलेल्या वाचकांनी तो पाहावा असे मला वाटते.

१.

प्रथम वनस्पतीकडेच पाहू. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या असतात आणि त्या क्रुसासारख्या समोरासमोर मांडलेल्या असतात. म्हणून या कुलाचे जुने लॅटिन नाव क्रुसिफेरी, म्हणजे क्रूस धारण करणाऱ्यांचे. आज त्याला ब्रॅसिकेसी म्हणतात, आणि मराठी परिभाषेत सर्षप किंवा मोहरी कुल. पुंकेसर सहा, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. शेंगेच्या आत मधोमध एक पातळ पापुद्रा असतो. शेंग तडकली की दोन्ही कवचे गळून पडतात आणि तो पापुद्रा चौकटीत बसवलेल्या कागदासारखा देठावर उभा राहतो. पाने साधी, फार तर कातरलेली. मुळा, कोबी, अळीव ही सारी या घरची मंडळी.

धसईच्या बांधावरच्या रोपाला चार पाकळ्या होत्या खऱ्या, पण त्या क्रुसासारख्या नव्हत्या; चारही एका बाजूला वळलेल्या होत्या. पुंकेसर मोजले तेव्हा सहाच्या दुपटीहून अधिक भरले. शेंग उघडली तर चौकट होती, पण मधला पापुद्रा नव्हता. पान साधे नव्हते. एका देठावर तीन, कुठे पाच दले तळहाताच्या बोटांसारखी पसरलेली. शिवाय सगळे रोप चिकट केसांनी भरलेले, बोटांना लागणारे. त्याचे प्रचलित शास्त्रीय नाव क्लिओम व्हिस्कोसा. त्यातला दुसरा शब्द या चिकटपणाचाच आहे. मराठी ग्रंथांत त्याला पिवळी तिळवण म्हणतात, आणि कानफुटी किंवा कानफोडी हे त्याचे दुसरे नाव नोंदलेले आहे. पानांचा रस दुखत्या कानात घालण्याचा उपयोग जुन्या औषधिग्रंथांत आढळतो. नाव त्यावरून पडले असावे असे दिसते.

म्हणजे बाईने दिलेले नाव पुस्तकातही होते. मात्र एक लक्षण माझ्या बाजूने उरले होते. पान चुरगळून नाकाशी धरले तर मोहरी वाटताना येतो तसा झणका येतो. त्याच्या काळसर बिया मोहरीऐवजी फोडणीत वापरल्याच्या नोंदी भारतात ठिकठिकाणी आहेत. तमिळमध्ये या झाडाला 'नायकडुगु' म्हणतात, म्हणजे कुत्र्याची मोहरी, आणि इंग्रजीतल्या एका नावाचा अर्थही रानमोहरी असाच आहे. तेव्हा चकलेला मी पहिला नव्हतो. डोळ्याने चार पाकळ्या आणि नाकाने एक वास घेऊन अनेक भाषांतली माणसे त्याच निष्कर्षाला पोचली होती.

२.

आता नावांकडे वळू. साहित्याच्या अभ्यासकाला इथे आपल्या घरी आल्यासारखे वाटेल, कारण पुढचा सगळा मामला पाठभेदांचा आहे.

कानफुटी हे नाव एकाच वनस्पतीचे असते तर प्रश्नच नव्हता. पण कुंपणावर चढणारी, फुग्यासारखी तीन कप्प्यांची फळे धरणारी एक नाजूक वेल आहे. तिला कपाळफोडी म्हणतात आणि कानफुटीही म्हणतात. संस्कृतात ती कर्णस्फोटा. तिचे कुल रिठ्याचे, आणि तिळवणीशी तिचे काही नाते नाही. दोन्हींचा संबंध कानदुखीशी जोडला गेला आणि उपयोगावरून पडलेले नाव दोघींना मिळाले. उपयोगाने दिलेली नावे अशीच असतात. ती वनस्पतीचे वर्णन करीत नाहीत, माणसाची गरज सांगतात.

तिळवण या नावाखालीही दोन वनस्पती आहेत. पिवळी ही एक. दुसरी पांढरी, पाच दलांची, जिच्या फुलात पुंकेसर आणि बीजकोश एकाच लांब दांडीवर उचलून धरलेले असतात. स्त्री आणि पुरुष एकत्र, म्हणून लिनियसने १७५३ साली तिला क्लिओम गायनँड्रा हे नाव दिले. पुढे १७६३ च्या आवृत्तीत त्यानेच पाच दलांवरून क्लिओम पेंटॅफायला असेही नाव योजले. १८२४ मध्ये द कांदोल याने गायनँड्रॉप्सिस ही वेगळी प्रजाती केली. त्यानंतर भारतातली पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या गायनँड्रॉप्सिस पेंटॅफायला असे लिहीत राहिली. वास्तविक नामकरणाच्या नियमाने अग्रक्रम जुन्या विशेषणाला, म्हणजे गायनँड्रा याला होता. जुन्या पोथीचा पाठ मागे पडावा आणि नंतरच्या प्रतीचा प्रचारात राहावा, असाच हा प्रकार.

संस्कृत निघंटूंत गेलो तर गुंता आणखी वाढतो. अजगंधा, तिलपर्णी, आदित्यभक्ता, सुवर्चला ही नावे वेगवेगळ्या टीकाकारांनी आणि संग्राहकांनी कधी पिवळ्या तिळवणीला, कधी पांढरीला, तर कधी भलत्याच वनस्पतीला लावली आहेत. आदित्यभक्ता म्हणजे सूर्यफूल असेही काहींनी लिहून ठेवले. सूर्यफूल मूळचे अमेरिकेचे. युरोपीय जहाजे तिकडे जाऊन परत येण्यापूर्वी ते इकडच्या कुणा वैद्याच्या हाती पडण्याचा संभव नाही. 'सूर्याकडे वळणारी' एवढ्या अर्थावर बोट ठेवून ओळख पटवली की असे होते. शब्दाचा अर्थ लागणे आणि शब्दाने दाखवलेली वस्तू सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे आपल्याच घरातली एक सवय कबूल केली पाहिजे. जुन्या काव्याच्या सटीप आवृत्तीत वनस्पतीचे नाव आले की तळटीप येते : 'एक प्रकारचे झाड'. फार तर 'एक सुगंधी वेल'. विद्यार्थी ती टीप पाठ करतो, शिक्षक पुढच्या ओळीकडे जातो. छंद, अलंकार, व्युत्पत्ती यांबाबत काटेकोर असणारे आपण, झाडापाशी आलो की इतके उदार का होतो? कवीने ज्या झाडाखाली उभे राहून शब्द वापरला ते झाड 'एक प्रकारचे' नव्हते.

३.

बांधावरच्या या रोपाची छापील चरित्रकथा मलबारात सुरू होते. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'होर्तुस मलबारिकुस' या नावाने त्याचे बारा खंड ॲम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापले गेले. १६८९ च्या नवव्या खंडात 'अरिया-वीला' आणि 'कारा-वीला' या नावांनी दोन वनस्पतींची चित्रे लागोपाठ येतात. पहिली आपली पिवळी तिळवण, दुसरी पांढरी. ही नावे ऱ्हीडची नव्हेत. ती मलबारातल्या जाणकारांच्या तोंडची, कानाला भासली तशी रोमन अक्षरांत उतरवलेली आहेत.

मराठी वाचकाने या ग्रंथाचा पहिला खंड तरी आवर्जून पाहावा, कारण त्यात नागरी लिपी आहे. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याची साक्ष त्यात आहे, आणि तिच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचे एक प्रमाणपत्रही कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेले आहे. या वनस्पतींची माहिती आपण दिली, ती खरी आहे, अशा आशयाची ती ग्वाही. कोंकणी भाषेच्या, आणि एकूणच नागरी लिपीच्या छापील इतिहासात या पानाला मान आहे. मुद्रणाच्या इतिहासात आपण त्याचा उल्लेख करतो, पण ते पान मुळात कशासाठी छापले गेले हे सहसा सांगत नाही. ते झाडांच्या ओळखीबद्दलचे साक्षीपत्र होते.

लिनियसला भारतीय वनस्पती प्रत्यक्ष पाहायला मिळाल्या नाहीत. सुकवून पाठवलेले नमुने आणि 'होर्तुस मलबारिकुस'सारखे ग्रंथ हेच त्याचे डोळे. त्याची वर्गवारी पुंकेसरांच्या संख्येवर आणि मांडणीवर उभी होती. मोहरी आणि तिच्या बहिणींना त्याने टेट्राडायनामिया, म्हणजे चार पुंकेसर वरचढ असलेल्यांच्या वर्गात घातले. १७५३ च्या ग्रंथात त्या वर्गाच्या अखेरीस क्लिओम येते. पांढऱ्या तिळवणीचे पुंकेसर सहा असले तरी चार लांब, दोन आखूड अशी त्यांची मांडणी नाही. पिवळीत तर संख्याही जुळत नाही. तरीही आपलाच नियम थोडा वाकवून त्याने तिळवणींना मोहरीच्या पंक्तीला बसवले. त्याचा डोळा त्याच्या नियमापेक्षा तीक्ष्ण होता, असे आज म्हणता येते.

४.

एकोणिसाव्या शतकात ही कथा मुंबई इलाख्यात येते. मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहम याने मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची सूची केली. ती १८३९ साली बाहेर आली, त्याच वर्षी तो खंडाळ्याला वारला, आणि अखेरची पाने जोसेफ निमो याने पुरी केली. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' आला. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही रानफुलाची ओळख पटवणारा माणूस केव्हातरी कुकपाशी येतोच.

यांतल्या अलेक्झांडर गिब्सन यांच्यापाशी जरा थांबले पाहिजे. ते दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक होते आणि १८४७ पासून इलाख्याचे पहिले जंगलसंरक्षकही झाले. झाडांना नावे देणे आणि झाडे कोणी तोडायची हे ठरवणे ही दोन कामे एकाच हाती आली. दापोडीच्या उद्यानात १८४७ ते १८५० च्या सुमारास काढलेली वनस्पतींची सुंदर चित्रे आज एडिंबरोच्या उद्यानात जपलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. चित्रकार कोणी पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच कळते. त्याचे नाव उरले नाही.

ठाणे जिल्ह्याच्या रानात या दुसऱ्या कामाचे परिणाम दूरवर गेले. इथला शेतकरी भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर टहाळे, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतो. त्याने मातीला राख मिळते आणि तणाचे बी जळते. राबासाठी टहाळे हवेत, टहाळ्यांसाठी रान हवे. जंगल खात्याने रानावर हद्दी आखल्या तेव्हा तंटा झाला तो याच टहाळ्यांवरून. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या या तक्रारींसाठी १८८५ साली मुंबई सरकारला जंगल चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या काळच्या सरकारी कागदांत साग, ऐन, खैर यांना भरपूर जागा आहे. तणाला नाही. तण हा शब्द शास्त्राचा नव्हेच. ज्याला नको असते त्याचा तो शब्द आहे. भाताच्या बेणणीत जे उपटून बांधावर फेकतात ते तण. पांढरी तिळवण केनियात आणि आफ्रिकेच्या इतर भागांत नेहमीच्या जेवणातली पालेभाजी आहे. तिथे किसी लोक तिला 'चिन्सागा' म्हणतात, ती वाफ्यात लावतात, बाजारात विकतात. आपल्याकडे तिची पाने खाणारे आहेत, पण पिकाचा मान तिला मिळालेला नाही. वनस्पती तीच, तिची जात मात्र गावागणिक बदलते.

कुक यांच्या ग्रंथात वनस्पतीच्या वर्णनानंतर ती कुठे आणि कोणी गोळा केली याची नोंद असते, आणि संग्राहकाच्या नावापुढे अनेकदा उद्गारचिन्ह. प्रथम पाहणाऱ्याला ते विचित्र वाटते. त्या चिन्हात आश्चर्य नाही. 'हा नमुना मी स्वतः पाहिला आहे' एवढाच त्याचा अर्थ. वनस्पतिशास्त्रातला हा जुना संकेत मला फार आवडतो. ऐकीव आणि पाहिलेले यांतला भेद एका टिंबाने आणि एका रेघेने नोंदवला जातो. आपल्या समीक्षेत असे चिन्ह असते तर किती ग्रंथांच्या नावांपुढे ते प्रामाणिकपणे घालता आले असते, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

त्या संग्राहकांत इंग्रजी नावे बहुसंख्य आहेत. मधूनच कानिटकरांसारखे मराठी आडनाव भेटते. पण साहेबाला रानात वाट दाखवणारा, झाडावर चढून फांदी काढून देणारा, आणि 'याला आमच्यात हे म्हणतात' असे सांगणारा माणूस त्या यादीत नाही. मराठी नाव ग्रंथात आले. ते ज्याच्या तोंडून आले तो आला नाही. ऱ्हीडने साक्षीपत्रे छापली होती. पुढच्या शतकांचे शास्त्र त्या बाबतीत मागे गेले.

५.

आता मूळ वादाचा निकाल. कानफुटी मोहरीच्या कुळातली की नाही?

लिनियसनंतर नैसर्गिक कुलांची कल्पना रुजली. फ्रान्सच्या जुस्यूने १७८९ साली मोहरीचे कुल आणि कॅपर झुडपाचे कुल ही दोन वेगळी पण शेजारची म्हणून मांडली. तिळवणींची रवानगी या दुसऱ्या कुलात, कॅपॅरिडेसीत झाली. आपल्या मराठी विश्वकोशाने त्याला वरुण कुल म्हटले, आणि नाव नेमके निवडले, कारण वरुण म्हणजे वायवर्णा हा त्या कुलातला आपल्या परिचयाचा वृक्ष. वायवर्ण्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोकणात आणि ठाण्याच्या रानभागात केली जाते. सुमारे दोनशे वर्षे पाठ्यपुस्तकांत हीच व्यवस्था राहिली. महाविद्यालयात कॅपॅरिडेसीचे पुष्पसूत्र घोकलेली पिढी अजून शिकवते आहे.

पण दोन्ही कुलांच्या शेजारपणाची एक साक्ष पुस्तकांबाहेर होती. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांच्या गोतावळ्यातली फुलपाखरे अंडी घालायला मोहरीच्या कुळातली झाडे निवडतात, तशीच वायवर्णा आणि तिळवण यांच्या कुळातलीही. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ साली फुलपाखरे आणि वनस्पती यांच्या संबंधावर जो गाजलेला निबंध लिहिला त्यात ही जोडी ठळकपणे पुढे आली. फुलपाखराच्या मादीला पाकळ्या मोजता येत नाहीत. ती ओळखते ती रसायनावरून. या सगळ्या वनस्पतींच्या पेशींत गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेटे आणि त्यांना फोडणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. पान चुरगळले, दाणा वाटला, अळीने चावा घेतला की दोन्ही एकत्र येतात आणि तो झणका निर्माण होतो. बहुतेक किड्यांना तो विषासारखा. काहींनी मात्र त्यालाच घराच्या पत्त्यासारखे वापरायला शिकून घेतले. शेवग्याच्या मुळीचा आणि पपईच्या बियांचा तिखटपणाही याच जातीचा आहे, आणि आज शेवगा व पपई मोहरीच्याच गणात, ब्रॅसिकेलीजमध्ये धरतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांची अक्षरे वाचता येऊ लागली आणि झाडांच्या वंशावळी नव्याने लिहिल्या गेल्या. १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सपुष्प वनस्पतींची जी नवी मांडणी प्रसिद्ध केली तिच्यात वरुण कुल मोहरी कुलातच विलीन करण्यात आले. २००३ च्या सुधारित मांडणीतही ते तसेच राहिले. म्हणजे त्या वर्षांत कोणी धसईच्या बांधावर उभे राहून पिवळ्या तिळवणीला मोहरीच्या कुळातली वनस्पती म्हटले असते, तर अद्ययावत शास्त्र त्याच्या बाजूने होते. मधल्या काळात, २००२ साली, हॉल, सिट्स्मा आणि इल्टिस यांनी हरितलवकांतील जनुकांच्या आधारे दाखवून दिले की तिळवणी वायवर्ण्यापेक्षाही मोहरीला अधिक जवळच्या आहेत. दोनशे वर्षे ज्या घरात त्यांना ठेवले होते तिथल्या मंडळींपेक्षा शेजारच्या घरातली मंडळी त्यांची सख्खी निघाली. २००९ च्या तिसऱ्या मांडणीत हा तिढा सोडवला गेला : मोहरी वेगळी, वायवर्णा वेगळा आणि तिळवणींचे स्वतंत्र कुल, क्लिओमेसी.

तेव्हा निकाल असा. कानफुटी मोहरी नाही. ती आज मोहरी कुलातही नाही. पण जिवंत वनस्पतींत मोहरी कुलाची सर्वांत जवळची बहीण तिचेच कुल आहे. बाईने वनस्पती ओळखली होती. माझ्या नाकाला नाते लागले होते. मात्र नाते लागणे म्हणजे ओळख पटणे नव्हे, आणि मी केलेली चूक नेमकी तिथे होती : घराण्याच्या खुणेवरून मी माणसाचे नाव सांगून मोकळा झालो होतो.

६.

एवढ्या बारकाव्याने काय साधते, असे कोणी विचारील. एक उत्तर स्वयंपाकघरातले आहे. पिवळा धोत्रा ही मेक्सिकोहून आलेली काटेरी वनस्पती आज आपल्या पडीक जमिनींवर सर्वत्र आहे. तिचे बारीक काळसर दाणे मोहरीसारखे दिसतात. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात त्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठाहून अधिक माणसे सूज येऊन, हृदय थकून मेली. मोहरीसारखे दिसणे आणि मोहरी असणे यांतले अंतर तेव्हा माणसांच्या जिवावर मोजले गेले.

दुसरे उत्तर धसईसारख्या गावांशी संबंधित आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. या नोंदवहीत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग असे रकाने असतात. कल्पना उत्तम आहे. ऱ्हीडच्या साक्षीपत्रांनंतर सव्वातीनशे वर्षांनी जाणकाराला पुन्हा कागदावर जागा मिळाली. पण पहिल्या रकान्यात 'कानफुटी' लिहिले आणि दुसऱ्यात कुणी पुस्तकातून पाहून कपाळफोडीचे लॅटिन नाव घातले, तर तिसऱ्या रकान्यातले औषध भलत्याच झाडाच्या नावावर चढते आणि पुढे तेच प्रमाण म्हणून उतरवले जाते. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांच्या चुका आपण शतकानुशतके निस्तरतो आहोत. ही नवी पोथी आपल्या डोळ्यांदेखत लिहिली जात आहे.

मुरबाड-शहापूरच्या रानातल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाया पावसाच्या सुरुवातीला शेवळे आणि त्याबरोबर लागणारी काकडे, पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी अशा भाज्या कल्याण-ठाण्याच्या बाजारात आणतात. शेवळ्यात काकड घातले नाही तर घसा खाजतो हे त्या गिऱ्हाइकाला न चुकता सांगतात. त्यांची ओळख पानाच्या कडेवर, देठाच्या रंगावर, ऋतूवर आणि जागेवर बेतलेली असते, आणि चुकीची किंमत त्या जाणून असतात. ती भाषा लिहून घेणे हे काम वनस्पतिशास्त्राच्या विभागाएवढेच मराठीच्या विभागाचेही आहे. शब्द कोणी, कुठे, कोणत्या झाडाकडे बोट दाखवून उच्चारला हे नोंदवणे, दुसऱ्या गावात तोच शब्द कुठल्या झाडाला लावतात हे तपासणे, शक्य तर फांदी सुकवून शब्दासोबत ठेवणे. एखाद्या विद्यार्थ्याने एका पावसाळ्यात एका गावातली पन्नास नावे अशी नोंदवली, तर आणखी एका कादंबरीवरच्या आणखी एका प्रबंधिकेपेक्षा ते काम टिकेल असे मला वाटते.

एक गोष्ट सांगायची राहिली. १८३८ साली राफिनेस्क या विक्षिप्त, नवनवी नावे ठेवण्याचा छंद असलेल्या शास्त्रज्ञाने पिवळ्या तिळवणीची वेगळी प्रजाती केली आणि तिचे नाव ठेवले 'अरिवेला'. हे नाव लॅटिन नाही, ग्रीकही नाही. ते 'होर्तुस मलबारिकुस'मधले 'अरिया-वीला' आहे. शास्त्राने त्याच्याकडे दीर्घ काळ दुर्लक्ष केले. क्लिओम या प्रजातीत फार भिन्न वंशांच्या वनस्पती एकत्र कोंबल्या आहेत हे जनुकांच्या अभ्यासातून दिसू लागले, तेव्हा तिचे तुकडे करण्याची वेळ आली आणि जुने नाव शोधून काढण्यात आले. २००८ च्या 'फ्लोरा ऑफ चायना'मध्ये आपली पिवळी तिळवण 'अरिवेला व्हिस्कोसा' म्हणून आली आहे. मलबारातल्या कुणा जाणकाराने झाडाकडे बोट दाखवून उच्चारलेला शब्द शास्त्राच्या ग्रंथात परत आला.

पुढच्या पावसाळ्यात मी धसईला पुन्हा गेलो. बांध तोच होता, ती बाई भेटली नाही. कानफुटी मात्र त्याच जागी उगवली होती. वहीत मी तिचे नाव लिहिले, पुढे गावाचे नाव, तारीख, आणि शेवटी एक उद्गारचिन्ह.